एमिल आब्डरहाल्डेन

एमिल आब्डरहाल्डेन (९ मार्च १८७७ – ५ ऑगस्ट १९५०) हे स्विस शरीरक्रियावैज्ञानिक आणि जीवरसायनशास्त्रज्ञ होते. पाळीव प्राण्यांच्या रक्ताचे त्यांनी केलेले तुलनात्मक रासायनिक विश्लेषण १८९८ मध्ये प्रसिद्ध झाले. घोडा, डुक्कर व ससा यांच्या तांबड्या रक्तपेशी पोटॅशियमने समृद्ध असतात, तर गाय, मेंढी, शेळी, कुत्रा व मांजर यांच्या पेशींत पोटॅशियम कमी आणि सोडियम अधिक असते, हा भेद या विश्लेषणातून आकड्यांनिशी पुढे आला. पेशीपटलातून होणाऱ्या पोटॅशियमच्या वहनाच्या पुढील अभ्यासाला या आकड्यांचा मोठा आधार मिळाला.

हयातीत मात्र आब्डरहाल्डेन यांची कीर्ती दुसऱ्याच कारणाने झाली. रक्तात परके प्रथिन शिरले की शरीर त्याविरुद्ध विशिष्ट संरक्षक विकरे (एंझाइमे) तयार करते, असा सिद्धांत त्यांनी मांडला आणि चाळीस वर्षे त्याचा पाठपुरावा केला. अशी विकरे अस्तित्वातच नाहीत, हे पुढे स्पष्ट झाले. त्यामुळे विज्ञानाच्या इतिहासात त्यांचे नाव काटेकोर मोजमाप आणि वैज्ञानिक आत्मवंचना या दोन्हींच्या संदर्भात घेतले जाते.

प्रारंभिक जीवन व शिक्षण

आब्डरहाल्डेन यांचा जन्म स्वित्झर्लंडमधील सेंट गॅलन प्रांतातील ओबरउत्झविल या गावी एका शिक्षकाच्या घरी झाला. त्यांनी बाझेल विद्यापीठात वैद्यकशास्त्राचा अभ्यास केला. तेथे गुस्टाफ फॉन बुंगे हे शरीरक्रियात्मक रसायनशास्त्राचे नामवंत प्राध्यापक होते. विद्यार्थिदशेतच आब्डरहाल्डेन त्यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. त्यांच्या विचारांची व कामाची पहिली घडण तेथेच झाली.

बुंगे यांना रक्त, दूध आणि अन्न यांतील खनिज लवणांचे विशेष कुतूहल होते. मांसाहारी प्राणी मिठाच्या शोधात फिरत नाहीत. गवत व पाला खाणारी जनावरे मात्र मिठासाठी आसुसलेली असतात. वनस्पतींतून पोटॅशियम मोठ्या प्रमाणात पोटात जात असल्यामुळे शरीरातील सोडियम बाहेर टाकले जाते आणि ती उणीव भरून काढण्यासाठी मिठाची ओढ लागते, असे स्पष्टीकरण बुंगे यांनी १८७०च्या दशकात दिले होते. पोटॅशियम आणि सोडियम यांचा शरीरातील हिशेब हा या प्रयोगशाळेतील अभ्यासाचा एक प्रमुख विषय होता. बुंगे हे मद्यपानाचे कडवे विरोधक होते. आब्डरहाल्डेन यांनीही आयुष्यभर मद्यवर्जनाचा पुरस्कार केला आणि १९०४ मध्ये मद्यविषयक वैज्ञानिक वाङ्मयाची सूची प्रसिद्ध केली.

उंच प्रदेशातील हवामानाचा रक्ताच्या घटनेवर होणारा परिणाम, अन्नातील लोहाचे शोषण, तसेच दुधाची घटना आणि पिलाच्या वाढीचा वेग यांतील संबंध हे त्यांच्या बाझेल येथील कामाचे अन्य विषय होते. ज्या प्राण्याचे पिलू लवकर वाढते त्याच्या दुधात प्रथिने व खनिजे अधिक असतात, हे त्यांनी अनेक प्राण्यांच्या दुधाच्या विश्लेषणाने दाखविले. १९०२ मध्ये त्यांना वैद्यकशास्त्रातील डॉक्टरेट मिळाली.

पाळीव प्राण्यांच्या रक्ताचे विश्लेषण

तांबड्या पेशी आणि त्या ज्यात तरंगतात तो द्रव यांतील लवणे सारखी नसतात, हे १८५० मध्येच ज्ञात झाले होते. दोरपात (आताचे एस्टोनियातील तार्तू) येथील कार्ल श्मिट यांनी पटकीच्या रोग्यांच्या रक्ताचा अभ्यास करताना पेशींत पोटॅशियम आणि द्रवात सोडियम अधिक असल्याचे दाखवून दिले होते. बुंगे यांनी १८७६ मध्ये काही पाळीव प्राण्यांच्या रक्ताचे विश्लेषण केले. आब्डरहाल्डेन यांनी हेच काम अधिक प्राण्यांवर आणि अधिक घटकांसाठी पद्धतशीरपणे केले.

या कामाला चिकाटी लागे. जनावराचे ताजे रक्त घेऊन त्याचा एक भाग तसाच ठेवावयाचा आणि दुसऱ्या भागातून रक्तरस वेगळा करावयाचा. नंतर दोन्हींतील पाणी, प्रथिने, हीमोग्लोबिन, शर्करा, मेदयुक्त द्रव्ये, लोह, क्लोराइड व फॉस्फेट यांचे स्वतंत्र मापन करावयाचे. पोटॅशियम व सोडियम यांसाठी नमुना जाळून त्याची राख करावी लागे. त्या काळी पोटॅशियमचे वजन प्लॅटिनमच्या संयुगाबरोबर त्याचा अवक्षेप मिळवून ठरविले जाई. संपूर्ण रक्तातील मात्रेतून रक्तरसाचा वाटा वजा केला की पेशींच्या आतील घटना हाती येई. मोजणीत थोडीशी चूक झाली तरी वजाबाकीत ती मोठी होत असल्यामुळे प्रत्येक टप्प्यावर काटेकोरपणा आवश्यक होता.

गाय-बैल, मेंढी, शेळी, घोडा, डुक्कर, ससा, कुत्रा व मांजर यांच्या रक्ताचे कोष्टक १८९८ मध्ये होपे-झायलर यांनी स्थापन केलेल्या शरीरक्रियात्मक रसायनशास्त्राच्या जर्मन नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्या वेळी आब्डरहाल्डेन एकवीस वर्षांचे होते. या सर्व प्राण्यांच्या रक्तरसाची घटना बरीचशी सारखी आढळली. त्यात सोडियम भरपूर आणि पोटॅशियम अल्प होते. पेशींच्या आतील घटनेत मात्र स्पष्ट गट पडले. घोडा, डुक्कर व ससा यांच्या पेशींत पोटॅशियम विपुल आणि सोडियम नगण्य होते. गाय, मेंढी व शेळी यांच्या पेशींत सोडियमचे प्रमाण पोटॅशियमपेक्षा अधिक होते. कुत्रा व मांजर यांच्या पेशींत तर पोटॅशियम सर्वांत कमी होते.

या भेदाचे स्पष्टीकरण आहारात सापडत नव्हते. गाय आणि घोडा दोघेही गवत खातात. तरीही ते दोन विरुद्ध गटांत पडले. गवत चरणारी गाय आणि मांस खाणारे मांजर मात्र सोडियमच्या बाबतीत एका बाजूस आले. भेदाचे कारण पेशीच्या अंगभूत रचनेत शोधणे भाग होते. परंतु त्यासाठी आवश्यक असलेली पेशीपटलाची संकल्पना त्या काळी अद्याप आकार घेत होती. आब्डरहाल्डेन यांनी आकडे नोंदविले आणि ते इतर विषयांकडे वळले. त्यांची कोष्टके मात्र पुढील काळातील पाठ्यपुस्तकांत उद्धृत होत राहिली.

बर्लिन येथील कार्य

डॉक्टरेटनंतर आब्डरहाल्डेन बर्लिनला एमिल फिशर यांच्याकडे गेले. शर्करा व प्युरीन यांवरील कार्यासाठी फिशर यांना १९०२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले होते आणि त्या सुमारास ते प्रथिनांच्या रचनेकडे वळले होते. प्रथिने ॲमिनो आम्लांच्या साखळ्यांनी बनलेली असतात, हे सिद्ध करण्याच्या कार्यात आब्डरहाल्डेन त्यांचे एक प्रमुख सहकारी झाले. प्रथिनांऐवजी त्यांच्या पूर्ण विघटनातून मिळालेली ॲमिनो आम्ले खाऊ घातली तरी कुत्रे जगू शकतात, हे आब्डरहाल्डेन यांच्या पोषणविषयक प्रयोगांतून दिसून आले. यावरून शरीर आपली प्रथिने ॲमिनो आम्लांपासून नव्याने बांधते, या मताला बळ मिळाले.

१९०३ मध्ये त्यांनी सिस्टीन हे ॲमिनो आम्ल शरीरात साचण्याच्या एका कौटुंबिक विकाराचे वर्णन केले. सिस्टिनोसिस या नावाने आज ओळखल्या जाणाऱ्या या आनुवंशिक विकाराच्या एका पर्यायी नावात त्यांचे नाव अद्याप टिकून आहे. १९०६ मध्ये त्यांचे शरीरक्रियात्मक रसायनशास्त्राचे पाठ्यपुस्तक प्रसिद्ध झाले. १९०८ मध्ये त्यांची बर्लिनच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शरीरक्रियाविज्ञानाचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली.

हाले येथील कार्य व संरक्षक विकरांचा सिद्धांत

१९११ मध्ये आब्डरहाल्डेन हाले विद्यापीठात युलिउस बर्नस्टाइन यांच्या जागी प्राध्यापक झाले. या नेमणुकीत एक विलक्षण योगायोग होता. मज्जातंतू व स्नायू यांच्या पेशींचे पटल विश्रांतीच्या अवस्थेत पोटॅशियमला वाट देते आणि त्यातूनच पेशीच्या आतबाहेर विद्युत् विभवांतर निर्माण होते, हा सिद्धांत बर्नस्टाइन यांनी १९०२ मध्ये मांडला होता. तांबड्या पेशींतील पोटॅशियमचे कोष्टक तयार करणारा संशोधक पोटॅशियम आणि पेशीपटल यांचा संबंध जोडणाऱ्या संशोधकाच्या खुर्चीवर आला होता. तथापि या सुमारास आब्डरहाल्डेन यांच्या संशोधनाचा रोख पूर्णपणे बदलला होता.

१९०९ पासून ते संरक्षक विकरांची कल्पना मांडू लागले होते. रक्तात परके प्रथिन आले तर नेमके त्याच प्रथिनाचे विघटन करणारे विकर रक्तात निर्माण होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. गर्भारपणात वारेतील प्रथिने मातेच्या रक्तात जातात. म्हणून गर्भवतीच्या रक्तरसात वारेचे विघटन करणारे विकर असलेच पाहिजे, या तर्कावर त्यांनी गर्भारपणाची चाचणी बसविली. रक्तरस आणि उकळलेल्या वारेचे तुकडे एका अर्धपार्य नळीत ठेवीत. प्रथिनाचे विघटन झाल्यास त्याचे लहान तुकडे नळीबाहेरील पाण्यात उतरत आणि निनहायड्रिन घातल्यावर जांभळा-निळा रंग येई. या विषयावरील त्यांचे पुस्तक १९१२ मध्ये निघाले व त्याच्या अनेक आवृत्त्या झाल्या. पाहता पाहता ही चाचणी कर्करोग, मानसिक विकार आणि जनावरांचे गाभण असणे ओळखण्यासाठीही वापरून पाहण्यात आली.

रंग फिका की गडद, हे डोळ्यांनी ठरवावयाचे असल्यामुळे निष्कर्ष तपासणाऱ्याच्या अपेक्षेवर अवलंबून राहू शकत होता. विकरांच्या गतीविषयीच्या समीकरणासाठी प्रसिद्ध असलेले लेओनोर मिखाएलिस यांनी १९१४ मध्ये ही चाचणी गर्भवती आणि अन्य व्यक्ती यांच्यात भेद करू शकत नाही, असे जाहीर केले. अमेरिकेत डोनाल्ड व्हॅन स्लाइक व त्यांचे सहकारी अधिक अचूक मापनाने १९१५ मध्ये त्याच निष्कर्षाला आले. ज्यांना प्रयोग साधला नाही त्यांच्या हाताळणीत दोष आहे, अशी भूमिका आब्डरहाल्डेन यांनी घेतली. जर्मनीत त्यांचे वजन एवढे होते की हा वाद तेथे लवकर मिटला नाही. मिखाएलिस यांना जर्मनीत योग्य पद मिळाले नाही आणि १९२२ मध्ये ते जपानमधील नागोया येथे गेले. या टीकेची किंमत त्यांना मोजावी लागली, असे अनेक इतिहासकार मानतात.

सामाजिक कार्य व संपादन

पहिल्या महायुद्धाच्या काळात आब्डरहाल्डेन यांनी हाले येथे जखमी सैनिकांची वाहतूक, बालकल्याण आणि अन्नटंचाईवरील उपाय यांत मोठा भाग घेतला. शहरातील गरीब कुटुंबांना भाजीपाला पिकविण्यासाठी जमिनीचे लहान तुकडे मिळावेत, यासाठी त्यांनी खटपट केली. युद्धानंतर कुपोषित जर्मन मुलांना काही काळ स्वित्झर्लंडमधील कुटुंबांत राहावयास पाठविण्याच्या उपक्रमाचे ते संघटक होते. १९२० व १९३० च्या दशकांत त्यांनी वैद्यकीय व सामाजिक नीतीला वाहिलेले ‘एथिक’ हे नियतकालिक चालविले. जीववैज्ञानिक कार्यपद्धतींचा त्यांनी संपादिलेला बहुखंडी जर्मन संदर्भग्रंथ ही त्यांच्या संघटनशक्तीची साक्ष आहे.

नाझी राजवटीचा काळ

१९३० च्या दशकाच्या आरंभी आब्डरहाल्डेन हाले येथील लेओपोल्डिना या प्राचीन विज्ञान अकादमीचे अध्यक्ष झाले. नाझी सत्तेवर आल्यानंतर त्यांच्याच कार्यकाळात अकादमीच्या नोंदवहीतून ज्यू सदस्यांची नावे वगळण्यात आली. त्यांत अल्बर्ट आइन्स्टाइन यांचेही नाव होते. नीतिविषयक नियतकालिकाच्या संपादकाच्या चरित्रातील ही विसंगती अभ्यासकांनी नोंदविली आहे.

संरक्षक विकरांच्या सिद्धांताचा सर्वांत भयावह वापर याच काळात झाला. बर्लिनमधील मानववंशशास्त्र संस्थेचे प्रमुख ओटमार फॉन फेरशुअर यांनी निरनिराळ्या वंशांतील रक्तप्रथिनांच्या संशोधनासाठी आब्डरहाल्डेन यांची पद्धत निवडली. त्यासाठी लागणारे रक्ताचे नमुने आउश्वित्स छळछावणीतून योझेफ मेंगेले याने पाठविले होते. विज्ञानाने तीन दशकांपूर्वीच शंकास्पद ठरविलेली एक चाचणी अशा रीतीने बंदिवानांचे रक्त काढण्याचे निमित्त ठरली.

अखेरचा काळ

१९४५ च्या उन्हाळ्यात हाले शहर सोव्हिएत सैन्याच्या ताब्यात जाण्यापूर्वी अमेरिकन सैन्याने तेथील शास्त्रज्ञांना पश्चिमेकडे हलविले. आब्डरहाल्डेन यांना त्यात हाले सोडावे लागले. पुढे ते मायदेशी परतले आणि झ्यूरिक विद्यापीठात काही काळ अध्यापन केले. ५ ऑगस्ट १९५० रोजी झ्यूरिक येथे त्यांचे निधन झाले. १५२६२ आब्डरहाल्डेन या लघुग्रहाला त्यांचे नाव देण्यात आले आहे.

रक्तविश्लेषणाचा पुढील प्रवास

आब्डरहाल्डेन यांच्या निधनानंतर त्यांच्या तरुणपणीच्या कोष्टकाला नवे महत्त्व आले. १९४० नंतर ज्योतीच्या रंगावरून सोडियम व पोटॅशियम मोजणारी उपकरणे प्रचारात आली आणि थोड्या वेळात अनेक नमुने तपासणे शक्य झाले. १९५४ मध्ये जे. व्ही. एव्हान्स यांनी ब्रिटिश मेंढ्यांच्या रक्ताचा अभ्यास करून मेंढ्यांतच दोन प्रकार असल्याचे दाखविले. एका प्रकारात तांबड्या पेशींच्या दर लिटरमागे साधारण ८० ते ९० मिलिमोल पोटॅशियम असते, तर दुसऱ्यात ते १० ते २० मिलिमोलच्या आसपास असते. हा गुण आनुवंशिक असून कमी पोटॅशियमचा गुण प्रभावी आहे, हे लगेचच स्पष्ट झाले. आब्डरहाल्डेन यांचे मेंढीविषयीचे आकडे दुसऱ्या प्रकाराशी जुळतात.

१९५७ मध्ये डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्कोऊ यांनी खेकड्याच्या मज्जातंतूंत सोडियम व पोटॅशियम यांनी सक्रिय होणारे विकर शोधून काढले. हेच पेशीपटलातील सोडियम-पोटॅशियम पंप होय. एटीपीचा एक रेणू खर्च करून हा पंप तीन सोडियम आयन बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आयन आत घेतो. या शोधाबद्दल स्कोऊ यांना १९९७ मध्ये रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा भाग मिळाला. १९६० मध्ये डॅनियल टॉस्टेसन व जोसेफ हॉफमन यांनी मेंढीच्या पेशींवरील प्रयोगांतून दाखविले की पेशीतील पोटॅशियमची पातळी पंपाचा वेग आणि पटलातून होणारी गळती यांच्या तोलावर ठरते. गळक्या रांजणात पाणी किती राहील, हे ओतण्याच्या आणि गळण्याच्या वेगावर अवलंबून असते, तसाच हा प्रकार आहे. कमी पोटॅशियमच्या मेंढ्यांत पंप मंद आणि गळती अधिक असते. विशेष म्हणजे या मेंढ्यांची कोकरे जन्मतः अधिक पोटॅशियमच्या पेशी घेऊन येतात. जन्मानंतरच्या काही आठवड्यांत नव्या पेशी जुन्यांची जागा घेतात तसे प्रमाण उतरते. वासरांतही असाच बदल होतो.

कुत्र्याच्या बाबतीत अधिक टोकाचा प्रकार आढळतो. अपक्व तांबड्या पेशीत सोडियम-पोटॅशियम पंप असतो. परंतु पेशी पक्व होताना तो नाहीसा होतो. पेशीचे आकारमान राखण्यासाठी ती कॅल्शियमशी निगडित वेगळ्या यंत्रणेचा वापर करते. जपानमधील अकिता व शिबा जातींच्या काही कुत्र्यांत मात्र हा पंप टिकून राहतो आणि त्यांच्या पेशींत पोटॅशियम भरपूर असते.

पशुवैद्यकातील व मानवी वैद्यकातील उपयोग

या भेदाला व्यवहारात थेट महत्त्व आहे. रक्ताचा नमुना घेताना पेशी फुटल्या तर त्यांतील पोटॅशियम रक्तरसात मिसळते. घोडा किंवा डुक्कर यांच्या नमुन्यात त्यामुळे पोटॅशियम खोटेच वाढलेले दिसते व उपचाराची दिशा चुकू शकते. बहुसंख्य कुत्र्यांच्या नमुन्यात ही वाढ फारशी होत नाही. अकितासारख्या जातींत मात्र होते. म्हणून एका प्राण्यासाठी लागू असलेला निकष दुसऱ्यास लावता येत नाही.

मेंढीच्या पेशींच्या अभ्यासाचा संबंध विदर्भातील एका महत्त्वाच्या आरोग्यप्रश्नाशीही पोहोचतो. कमी पोटॅशियमच्या मेंढ्यांच्या पेशींतील गळतीचा बराचसा भाग पोटॅशियम व क्लोराइड यांना एकत्र बाहेर नेणाऱ्या वाहक प्रथिनांमुळे होतो, असे १९८० च्या सुमारास दिसून आले. हीच यंत्रणा मानवातील सिकलसेल विकारात अवाजवी सक्रिय असते. पेशीतून पोटॅशियम व त्यासोबत पाणी निघून जाते, हीमोग्लोबिनची दाटी वाढते आणि पेशी विळ्याच्या आकाराची होण्याची प्रक्रिया वेगवान होते. सिकलसेलचे रुग्ण चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत मोठ्या संख्येने आढळतात. चिमूर तालुक्यासारख्या भागात गाय-बैल आणि शेळ्या हा शेतकऱ्याच्या घरचाच भाग आहे. गडचिरोली-चंद्रपूर पट्ट्याची कठाणी ही गोवंशाची स्वतंत्र जातही आहे. गोठ्यातील जनावराची रक्तपेशी आणि सिकलसेलच्या रुग्णाची रक्तपेशी यांना जोडणारा धागा पोटॅशियमच्या वहनाचा आहे आणि त्याच्या आरंभीच्या नोंदींत आब्डरहाल्डेन यांचे कोष्टक येते.

मूल्यमापन

१९९८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात उटे डाइखमान व बेन्नो म्युलर-हिल यांनी संरक्षक विकरांच्या संपूर्ण प्रकरणाचा आढावा घेऊन ते वैज्ञानिक फसवणुकीचे उदाहरण असल्याचे मत मांडले. काही अभ्यासकांच्या मते यात हेतुपुरस्सर लबाडीपेक्षा स्वतःच्या कल्पनेवरील आंधळ्या श्रद्धेचा वाटा मोठा होता. दोन्ही मतांत एक गोष्ट समान आहे. स्वतंत्र प्रयोगशाळांत पुन्हा पुन्हा न साधणारा निष्कर्ष केवळ संशोधकाच्या अधिकारामुळे दीर्घकाळ टिकून राहिला.

१८९८ च्या विश्लेषणात वजनकाट्याला मत नव्हते आणि प्रत्येक आकडा कोणालाही पुन्हा तपासता येत होता. तो तपासला गेला आणि मूळ भेद खरा ठरला. रंगाच्या छटेवर उभा असलेला सिद्धांत तपासला गेला तेव्हा त्याच्या कर्त्याने तपासणाऱ्यांनाच दोष दिला. विद्यार्थिदशेत केलेले, फारसे गाजावाजा न झालेले मोजमाप एका शतकानंतरही उपयोगी पडते आणि जगभर गाजलेला सिद्धांत केवळ इशारा म्हणून शिकविला जातो, हे आब्डरहाल्डेन यांच्या जीवनकार्याचे वैशिष्ट्य आहे.